मीटिंग शोधायची तर आधी आपली प्यायची वेळ बघा

दारू सोडायचं मनात आलेला माणूस फोनवर हमखास विचारतो, "सगळ्यात चांगली मीटिंग कुठली हो?" मीटिंग म्हणजे एएची, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, जिथे दारू सोडणारे एकत्र बसून आपापली गोष्ट सांगतात. मी त्याला उलट विचारतो, तुम्ही पिता किती वाजता?

पिंपरी-चिंचवडच्या कंपन्यांत काम करणाऱ्याला हा प्रश्न समजवावा लागत नाही. पहिल्या पाळीचा गडी साडेतीनला सुटतो आणि चारला परमिट रूममध्ये असतो. जनरलवाला संध्याकाळी सात वाजता. तिसरी पाळी करून आलेला सकाळी देशीच्या दुकानाचं शटर वर जायची वाट बघत उभा असतो. प्रत्येकाची वेळ ठरलेली असते, घड्याळ बघावं लागत नाही, अंगच सांगतं. त्याच वेळेची मीटिंग शोधा. मीटिंग साधारण तास-दीड तास चालते, जायचा-यायचा वेळ धरला तर अडीच तास जातात. तेवढ्यात आपली नेहमीची मंडळी दुसरा पेग संपवून बिल मागवायच्या बेतात असतात आणि आपण चहा पिऊन घराकडे निघालेलो असतो.

मी स्वतः टूलरूममधला फिटर, मूळचा कराडकडचा, आता चिंचवडात. एएमध्ये बरीच वर्षं आहे. नाव लिहीत नाही, कारण छापील मजकुरात किंवा पडद्यावर सभासदानं नाव उघड करायचं नाही हा आमच्याकडचा संकेत आहे. आणि हे मी एएच्या वतीनंही लिहीत नाहीये. तसं बोलायचा हक्क आमच्यात कुणालाच नसतो. हा एका फिटरचा सल्ला आहे, पटेल तेवढा घ्यावा.

एक गोष्ट मात्र मीटिंगच्याही आधीची. रोज पिणाऱ्यानं, त्यातही सकाळी हात थरथरतात म्हणून घोट घेणाऱ्यानं, अचानक बाटली बंद करून थेट मीटिंगला येऊ नये. आधी डॉक्टर. शरीराला सवय झालेली असताना दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास भास होणं, माणूस न ओळखणं, ताप, घाम असे प्रकार सुरू होऊ शकतात. त्यात जीवही जातो. श्रावण पाळणाऱ्यांना हे जास्त सांगावंसं वाटतं. गटारीला पोट भरून प्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून कडकडीत बंद, आणि वर "महिनाभर सोडू शकतो म्हणजे मी काय दारुडा आहे का" असं ऐकवायचं. महिनाभर सोडता येते हे खरं असेल, पण तो गणपतीची वाट कशी बघत असतो ते त्याच्या बायकोला विचारा. असो. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात, नाहीतर ओळखीच्या फॅमिली डॉक्टरकडे जा आणि रोज किती पिता ते खरं सांगा. डॉक्टरला सांगताना आपण सगळेच निम्मी करतो, म्हणून मुद्दाम लिहिलं. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे, फोनला पैसे पडत नाहीत. मन फारच सैरभैर असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर टेलीमानस ही हेल्पलाइन, १४४१६.

आता शोध. एएची भारतातली मुख्य कचेरी मुंबईत भायखळ्याला आहे आणि एए इंडियाच्या संकेतस्थळावर शहरवार माहिती मिळते. मोठ्या शहरांत इंटरग्रुप नावाची व्यवस्था असते. म्हणजे त्या भागातल्या सगळ्या ग्रुपांचं मिळून एक कार्यालय आणि एक फोन. फोनवर बसणारा सहसा पगारी कर्मचारी नसतो, तो आपल्यासारखाच पिऊन सुटलेला असतो. त्यामुळे "साहेब, माझा एक मित्र आहे, त्याला जरा प्रॉब्लेम आहे" अशी सुरुवात केलीत तरी चालते. त्यानंही कधीतरी अशीच केलेली असते.

नेटवरच्या यादीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मीटिंगा महापालिकेच्या शाळेत, चर्चच्या हॉलमध्ये, एखाद्या समाजमंदिरात भरतात. शाळेत निवडणुकीचं मतदान केंद्र लागलं की मीटिंग हलते. दिवाळीच्या सुट्टीत शिपाई गावी जातो आणि किल्ली त्याच्याबरोबर जाते. यादीत मात्र वर्षानुवर्षं तोच पत्ता असतो. म्हणून फोनवर नुसतं "मीटिंग कुठे असते" विचारू नका, "मागच्या आठवड्यात तिथं झाली का" विचारा. दुसरं, कुठल्या दारानं आत जायचं ते विचारा. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण पालिकेच्या शाळेला तीन फाटकं असतात, त्यातली दोन संध्याकाळी बंद. पहिल्यांदा आलेला माणूस बंद फाटकासमोर दोन मिनिटं उभा राहिला की त्याला परत जायला तेवढं निमित्त पुरतं. शक्य असेल तर सांगा, "मी नवीन आहे, कुणी बाहेर उभं राहील का?" राहतात. नवीन माणसासाठी फाटकावर उभं राहणं हे आमच्यात मानाचं काम समजलं जातं.

तिसरा प्रश्न ओपन की क्लोज्ड. क्लोज्ड मीटिंगला फक्त दारूचा त्रास असलेले, म्हणजे सोडायची इच्छा असलेलेच बसतात. ओपनला बायको, भाऊ, डॉक्टर, समाजकार्याचे विद्यार्थी, कुणीही येऊन ऐकू शकतं. एकट्यानं जायचा धीर होत नसेल, बहीण किंवा मित्र सोबत येणार असेल, तर ओपन बघा. स्वतःचं काही बाहेर काढायचं असेल तर क्लोज्ड बरी, तिथे माणसं जास्त मोकळी बोलतात.

आणि भाषा. मुंबई-पुण्यात इंग्रजी, हिंदी, मराठी अशा वेगवेगळ्या मीटिंगा असतात, काही ठिकाणी खिचडी चालते. गोव्यात कोकणीचीही भर. इंग्रजी येत असलं तरी निदान सुरुवातीला ज्या भाषेत तुम्ही भांडता त्या भाषेच्या मीटिंगला बसा, असं माझं मत आहे. आमच्याकडे एक बँकेतले साहेब आहेत. इंग्रजी मीटिंगमध्ये ते फार सुंदर बोलायचे, लोक माना डोलवायचे. मराठी ग्रुपला आले आणि आईच्या दिवसकार्यालाही पिऊन गेलो हे एक वाक्य त्यांना पुरं करता येईना. नंतर ते मराठी ग्रुपलाच येत राहिले.

ओळखीचं कुणी भेटेल, ही भीती तर प्रत्येकालाच असते. गल्लीतला, कंपनीतला, सोयरा. त्यावर सोपा उपाय म्हणजे काही स्टेशनं पलीकडची मीटिंग धरा. चिंचवडच्या माणसानं कासारवाडी किंवा देहूरोडकडे जावं, डोंबिवलीच्या माणसानं ठाण्यात. पण एक हिशेब मनात ठेवा. लांबची मीटिंग पावसाळ्यात सुटते. आणि ओळखीचा भेटलाच तर तोही तिथं भजनाला आलेला नसतो, त्यालाही तुमच्याइतकंच झाकायचं असतं. "इथं ज्याला पाहिलं, इथं जे ऐकलं, ते इथंच राहू द्या" अशी पाटी बहुतेक ठिकाणी टेबलावर असते आणि ती पाळली जाते. बेवडा म्हणून ज्याला सगळी आळी ओळखते त्यानं सोडायला आल्यावर लपावं, हे थोडं गमतीचंच आहे म्हणा. पिऊन गटाराशेजारी झोपताना कुणी बघेल असं कधी वाटलं नव्हतं.

आत गेल्यावर काय होतं ते आधी माहीत असलं की पाय कमी लटपटतात. खुर्च्या, एक टेबल, भिंतीला १२ पायऱ्या, म्हणजे दारूतून बाहेर यायची वाट, आणि १२ परंपरा, म्हणजे ग्रुप कसा चालवायचा, यांचे तक्ते. एक जण चेअरवर बसतो, म्हणजे त्या दिवशीचं सूत्रसंचालन करतो. काहीतरी वाचलं जातं. मग एकेक जण उठून आपलं नाव सांगतो, मी अल्कोहोलिक आहे म्हणतो आणि आपबीती सांगतो. त्याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही, "तसं नव्हतं करायचं" म्हणत नाही. पहिल्यांदा कोण आलंय असं विचारतात तेव्हा हात वर करा, पण बोललंच पाहिजे असं नाही. "आज फक्त ऐकतो" एवढं पुरतं. आडनाव सांगायचं नाही, कंपनी सांगायची नाही. हजेरीपट नसतो. शेवटी उभं राहून प्रार्थना होते, कुठे हात धरून, कुठे न धरता.

मध्येच एक पिशवी किंवा डबा फिरतो. त्यात दहा-वीस रुपये टाकतात, नवीन माणसानं नाही टाकले तरी कुणी बघत नाही. हा पैसा भाडं, चहा, पुस्तकं यांचा. सभासदत्वाला फी नाही, अट एकच, दारू सोडायची इच्छा. बाहेरून देणगीही एए घेत नाही. त्यामुळे मीटिंगच्या नावावर कुणी पाचशे-हजार मागितले, नोंदणीचा फॉर्म पुढे केला, औषध विकायला काढलं, तर ती एएची मीटिंग नाही एवढं निश्चित समजा. लोकलच्या डब्यात आणि मुतारीच्या भिंतीवर "रुग्णाच्या नकळत दारू सोडवा" अशी जी पत्रकं चिकटवलेली असतात, त्यांच्या नादाला लागू नका. नकळत पूड खाऊ घातली की काय होतं, हे ज्या घरांनी भोगलंय त्यांना विचारा.

माळेबद्दलही विचारणा होते. तुळशीची माळ घालून दारू सुटलेली माणसं मी आमच्या भागात डोळ्यांनी पाहिलीत, त्यांना हात जोडतो. माळ खुंटीला टांगून पिणारेही पाहिलेत. माळ असेल तरी मीटिंगला या, दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत.

देव न मानणाऱ्यांची अडचण वेगळी. पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे, पण "आम्हाला जसा उमगला तसा" असं म्हटलंय आणि लोक ते बरंच सैल घेतात. अंनिसचं काम केलेला आमचा एक मित्र सरळ सांगतो की माझ्यापेक्षा मोठी शक्ती म्हणजे हा समोर बसलेला ग्रुप, कारण मला एकट्याला जे जमलं नाही ते यांना जमलंय. तो प्रार्थनेच्या वेळी गप्प उभा राहतो आणि चहाचे कप गोळा करतो. एवढंही नको असेल तर स्मार्ट रिकव्हरी नावाच्या संस्थेच्या ऑनलाइन बैठका आहेत. त्यात देव नाही, विचार आणि सवयी यांच्यावर काम असतं, पण बहुतेक कारभार इंग्रजीत.

एक गल्लत फार जण करतात. एएची मीटिंग आणि व्यसनमुक्ती केंद्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एए हॉस्पिटल चालवत नाही, कुणाला ठेवून घेत नाही. घरी राहून थांबत नसेल तर केंद्रात दाखल व्हावं लागतं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे उभे राहिले होते. तिथून बाहेर पडल्यावर पाठपुराव्याच्या बैठका असतात, त्या सोडू नयेत. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेलं कृपा फाउंडेशन आहे, तिथे १२ पायऱ्यांच्या जोडीला योगासनं असतात. केंद्रातून सुटून आलेल्यानं पहिली मीटिंग कुठली हे केंद्रात असतानाच ठरवून ठेवावं. सुटल्याच्या दिवशी संध्याकाळी घरी पाहुणे येतात, खुशाली विचारतात, आणि त्या गर्दीतून माणूस हळूच "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणत निघतो. त्याला जायला दुसरं ठिकाण माहीत हवं.

बायकांसाठी वेगळं लिहायला हवं. पिणाऱ्या बाईला जास्त लपावं लागतं, आणि वीस पुरुषांच्या खोलीत एकटीनं बसणं सोपं नाही. फोन करताना स्पष्ट विचारा की महिलांची मीटिंग आहे का, नसेल तर त्या ग्रुपमध्ये एखादी बाई सभासद आहे का आणि तिचा फोन मिळेल का. ऑनलाइन महिला मीटिंगा आहेत. कॅमेरा बंद ठेवून, नाव बदलून बसता येतं. पुढे मार्गदर्शक, ज्याला आमच्याकडे स्पॉन्सर म्हणतात, तो निवडताना बाईनं बाईच घ्यावी आणि पुरुषानं पुरुष. एखादा पुरुष सभासद नवीन बाईला वारंवार फोन करायला लागला, घरी सोडायला येतो म्हणाला, तर ग्रुपमधल्या जुन्या माणसांच्या कानावर घाला आणि खुशाल दुसरी मीटिंग धरा. सोबर झालेला प्रत्येक जण सज्जन झालेला असतो असं नाही.

घरच्यांचं दार वेगळं आहे. पिणाऱ्याच्या बायको-आईसाठी, नवऱ्यासाठी, भावंडांसाठी अल-अनॉन, आणि किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन. पिणारा अजून पीतच असला, मीटिंगचं नाव काढू देत नसला, तरी घरचे तिथे जाऊ शकतात. माझ्या मते तर घरच्यांनी त्याची वाट बघूच नये. कपाटातल्या बाटल्या मोजत बसण्यापेक्षा तो तास तिथे बरा जातो.

एकाच मीटिंगवरून मत बनवू नका. एखाद्या ठिकाणी एकच म्हातारा पाऊण तास बोलतो, एखाद्या ठिकाणी जुन्या लोकांची आपसात चाललेली भांडणं नवीन माणसाच्याही लक्षात येतात, एखादी इतकी सुकी असते की झोप येते. तीन-चार वेगवेगळे ग्रुप बघा. मी काय बघतो ते सांगतो. कुणीतरी चांगली काही वर्षं सोबर असलेलं आहे का, आणि कुणीतरी गेल्या आठवड्यात सुरुवात केलेलंही आहे का? दोन्ही असतील तर ग्रुप जिवंत आहे. लोक हसतात का? स्वतःच्या फजितीवर हसणारा ग्रुप चांगला. मीटिंग संपल्यावर बाहेर टपरीवर पंधरा मिनिटं उभे राहतात का? खरी मीटिंग बऱ्याचदा तिथंच होते, फोन नंबर तिथंच मिळतात. आणि हो, कुणी म्हणालं की डिप्रेशनच्या, फिटच्या गोळ्या बंद करा, त्याही व्यसनच आहेत, तर ऐकू नका. सभासदानं डॉक्टर व्हायचं नाही हे एएच्या स्वतःच्या पुस्तिकांत लिहिलेलं आहे.

ग्रुप आवडला की त्याला होम ग्रुप करा. म्हणजे बाकी कुठेही गेलात तरी त्या ठरल्या वारी तिथे हजर. खुर्च्या लावायचं किंवा चहाचं काम अंगावर घ्या. चहा तुमच्याकडे असला की पाऊस असो नाहीतर मॅच असो, जावं लागतं. सुरुवातीला नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा करा असं जुने लोक सांगतात. कंपनीत पाळ्या फिरतात तेव्हा ते संध्याकाळच्या एकाच ग्रुपवर जमत नाही. त्यासाठी प्रत्येक पाळीची वेगळी यादी फोनमध्ये ठेवा: पहिलीच्या आठवड्यात संध्याकाळची, दुसरीच्या आठवड्यात सकाळची किंवा दुपारची, रात्रपाळीत ऑनलाइन. सकाळच्या मीटिंगा कमी असतात, त्या आधी हुडकून ठेवा. पगाराच्या दिवशी मात्र कुठली ना कुठली मीटिंग हवीच, मग ती कितीही लांबची असो.

तालुक्याच्या गावी मीटिंगच नसेल तर? जिल्ह्याच्या ठिकाणी बाजारासाठी, कोर्टाच्या तारखेसाठी, दवाखान्यासाठी जाणं होतंच, तो दिवस तिथल्या मीटिंगच्या वाराला जुळवून घ्या. बाकीचे दिवस झूमवर भरणाऱ्या मराठी मीटिंगा. दुबई-मस्कतला कामाला असलेले आपले लोकही तिथे येतात, त्यांना दीड तासाचा फरक असल्यामुळे आपल्या रात्री नऊच्या मीटिंगला ते साडेसातला बसतात. आणि गावात सोडायची इच्छा असलेला आणखी एक जण सापडला, तर दोघांनी मिळून मीटिंग सुरू करता येते, परवानगी लागत नाही. १९३५ मध्ये अमेरिकेत अक्रन गावी दोघांपासूनच हे सुरू झालं, एक शेअर बाजारातला दलाल आणि एक सर्जन. इंटरग्रुपला कळवलं की पुस्तकं आणि कसं चालवायचं याची माहिती मिळते, कधीकधी शहरातून दोन-चार जण एसटीनं येऊनही बसतात.

सणाला गावी जाण्याची तयारी वेगळी करावी लागते. गौरी-गणपतीला, जत्रेला, भावकीतल्या लग्नाला जुने सोबती वाटच बघत असतात, आणि "एक घे, एकानं काय होतंय" म्हणणारा सख्खा चुलतभाऊच असतो. सुट्टीचा अर्ज टाकाल त्याच दिवशी तिकडच्या जवळच्या शहरातल्या ग्रुपला फोन करून वार आणि वेळ लिहून घ्या. स्पॉन्सरला सांगून ठेवा की अमुक ते अमुक तारखेला मी रोज अमक्या वेळेला फोन करणार. झूमच्या मीटिंगसाठी गावात नेटवर्क कुठे धरतं ते पोचल्या दिवशीच बघून ठेवा; आमच्याकडे ते मारुतीच्या देवळामागच्या चौथऱ्यावरच धरतं. हेडफोन आठवणीनं बॅगेत टाका आणि शेअरिंग हळू आवाजात करा, कारण पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना एरवी काही ऐकू येत नसलं तरी असलं सगळं ऐकू येतं.